कोल्हापुरात भयरसिकांचं दोन दिवसांचं संमेलन कसं उभं करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात भयकथा वाचणाऱ्यांचा पंधरा-वीस जणांचा गट आहे, महिन्यातून एकदा भेटतो. आता त्यांना दोन दिवसांचं संमेलन करायचंय. अडीचशे-तीनशे माणसं, कथावाचन, चर्चा, सिनेमा, वेशभूषा आणि एक ‘भुताचा वाडा’ असा बेत आहे. सभागृह कोणतं, परवानग्या कोणत्या, खर्च कसा बसवायचा आणि ‘खरी भुतं शोधणाऱ्या’ मंडळींना बोलवावं का, असं त्यांनी विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरावर बाकीचं सगळं उभं राहतं. यंत्रं घेऊन आत्मे शोधणारे, अंगात आणणारे, उतारा सांगणारे यांतलं कुणीही व्यासपीठावर नको आणि स्टॉलवरही नको. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर ऑगस्ट 2013 मध्ये त्याचा वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. भूत-पिशाच्चांना आवाहन करून, किंवा करीन अशी धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणं त्याच्या अनुसूचीत आहे. चमत्काराचा दावा करून फसवणं आहे, अमुक माणूस करणी करतो असा आरोप करणंही आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5,000 ते 50,000 रुपये. अशा गोष्टींचा प्रचार-प्रसारही गुन्ह्यात मोडतो, त्यामुळे पोस्टरवर ‘थेट आत्म्याशी संवाद’ छापलं तरी अंगाशी येऊ शकतं. कथा, नाटक, सिनेमा यांना हा कायदा हात लावत नाही. रेषा ‘हे खरं आहे’ या दाव्यावर आखलेली आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी माझं उत्तर हेच राहील. हे खोटं आहे हे पक्कं ठाऊक असूनही अंगावर काटा येतो, यातच भयरसिकाचं सुख आहे. समोरच्यानं खरेपणाचा दावा केला की हा करार मोडतो. मग रसिक उरत नाहीत, एक घाबरलेला माणूस आणि एक त्याच्या भीतीवर कमावणारा माणूस उरतो. त्याऐवजी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना एक तास द्या. नारळातून करणी काढणं, पाणी शिंपडून जाळ काढणं, जिभेवर कापूर पेटवणं यामागची युक्ती उलगडणारं सत्र भयरसिकांना फार आवडतं, कारण भीती कशी बनवतात हेच त्यांना बघायचं असतं. जाळाचे प्रयोग मात्र आवारात, उघड्यावर.

‘मला आलेला अनुभव’ असं सत्र ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. ठेवा, पण सूत्रसंचालकाला तीन नियम आधी द्या: जिवंत माणसाचं नाव नाही, ओळखू येईल असं घर किंवा विहीर नाही आणि कुठल्याही बाईला हडळ-चेटकीण ठरवणं नाही. गावातली एकटी राहणारी म्हातारी एकदा अशा गोष्टीत सापडली की संमेलन संपल्यावरही तिला त्याचा जाच होतो. वेताळाबद्दलही सांभाळा. कथांमध्ये तो भुतांचा राजा असला तरी बऱ्याच गावांत त्याचं देऊळ आहे आणि त्याला नवस बोलले जातात. देवतेचा मुखवटा राक्षस म्हणून वापरू नका. जोगती-पोतराजांचा वेश ‘भयानक’ म्हणून अंगावर चढवू नका. मुंजा, खवीस, चकवा, गिऱ्हा एवढा ऐवज मराठीत पडलेला असताना त्याची गरजही नाही.

आता संमेलनाचा प्रकार. जगात याच्या दोन तऱ्हा आहेत. एक वाचक-लेखकांची, नोंदणी शुल्कावर चालणारी. 1991 मध्ये नॅशव्हिलला सुरू झालेलं ‘वर्ल्ड हॉरर कन्व्हेन्शन’ या घराण्यातलं. दुसरी नट-नट्यांच्या सह्या आणि फोटो विकून चालणारी. दुसरीत पाहुण्याला ‘हमी’, म्हणजे ठरलेली किमान कमाई, द्यावी लागते. समजा 2 लाखांची हमी दिली आणि टेबलावर सह्यांचे 70 हजारच जमले, तर उरलेले 1 लाख 30 हजार आयोजकाच्या खिशातून जातात. नवी संमेलनं याच खड्ड्यात पडतात. तीनशे माणसांच्या संमेलनाला हा प्रकार परवडत नाही, त्यामुळे पहिली तऱ्हा धरा. पाहुणे चार-पाच, त्यांना प्रवासखर्च, राहणं आणि ठरलेलं मानधन. मानधन त्याच दिवशी, पाहुणा निघण्याआधी हातात पडलं पाहिजे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याचं सत्र रविवारी अगदी शेवटी ठेवू नका. श्रोते आणि पाहुणा दोघांचंही लक्ष गाडीच्या वेळेकडे लागलेलं असतं.

तारीख ठरवताना कोल्हापूरचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. जून ते सप्टेंबर पाऊस. 2019 आणि 2021 च्या पुरात शहराकडे येणारे रस्ते बंद झाले होते, तेव्हा जुलै-ऑगस्ट विसरा. गणपतीत आणि नवरात्रात मांडववाला, साऊंडवाला, पोलीस यांपैकी कुणीही मोकळं नसतं. चैत्रात जोतिबाची यात्रा, फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा. उरतो तो नोव्हेंबरअखेर ते जानेवारी. त्यात पौष महिना तुमच्या कामाचा, कारण पौषात लग्नाचे मुहूर्त सहसा नसतात, मंगल कार्यालयं रिकामी असतात आणि भाड्यात घासाघीस करता येते. अमावास्येचा शनिवार-रविवार मिळाला तर उत्तम. लोकांना गंमत वाटते आणि त्या दिवशी कार्यालयाला दुसरं गिऱ्हाईकही नसतं.

जागेचं म्हणाल तर केशवराव भोसले नाट्यगृहाची आग सगळ्यांच्या लक्षात आहे. शाहू महाराजांनी 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ती वास्तू 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाली. अंधार, कापड, वीज आणि गर्दी एकत्र आणणाऱ्या तुमच्यासारख्या कार्यक्रमानं ही गोष्ट सतत मनात ठेवावी. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात सभागृह आणि कलादालन एकाच आवारात मिळतात, बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन जवळ आहे. चर्चा, वाचन, चित्रप्रदर्शनाला ते सोयीचं. भुताचा वाडा मात्र तिथे कोंबू नका. त्यासाठी तळमजल्यावर मोठं दालन असलेलं, दोन बाजूंना दारं असलेलं मंगल कार्यालय बघा. सगळं एकाच छताखाली बसत असेल तर आणखी चांगलं. जागा बघायला दुपारी बारा वाजता जा. व्हेंटिलेटरमधून किती ऊन येतं ते तेव्हाच कळतं. संध्याकाळी बघितलेलं ‘छान काळोखं’ सभागृह दुसऱ्या दिवशी अकराच्या सिनेमाला लख्ख उजळलेलं निघतं.

परवानग्या किमान दीड महिना आधी सुरू करा. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे ज्या ठाण्याच्या हद्दीत जागा आहे तिथे अर्ज द्यायचा. सोबत कार्यक्रमपत्रिका, अपेक्षित संख्या आणि जबाबदार दोघांची नावं. महापालिकेच्या अग्निशमन विभागाला वाड्याचा नकाशा दाखवा आणि प्रत्यक्ष पाहून जायची विनंती करा. नाट्यप्रयोग असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. वीस मिनिटांची एकांकिकाही यात येते. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. बंद सभागृहात आतल्यापुरता चालतो, पण दार उघडं ठेवून लावलेला आवाज रस्त्यावर गेला की ती सवलत संपते. मध्यरात्रीचं कथावाचन करायचंय ना? मग स्पीकर आत, दारं बंद आणि आत-बाहेर करणाऱ्यांसाठी मध्ये दोन दारांची एक छोटी खोली.

पैसे. आधी स्थिर खर्च मांडा, म्हणजे माणसं आली किंवा न आली तरी जो होणारच: भाडं, साऊंड, मांडव, पाहुणे, छपाई. मग माणशी खर्च: जेवण, चहा, ओळखपट्टा. समजा स्थिर खर्च 1,80,000, माणशी 250 आणि शुल्क 800 आहे. दर माणसामागे 550 उरतात, म्हणजे खर्च भरून निघायला 328 माणसं हवीत. सभागृह तीनशेचं असेल तर पूर्ण भरूनही तोटाच. हा हिशोब न करता पोस्टर छापणारे गट पुष्कळ आहेत. इथे शुल्क वाढवण्याआधी स्थिर खर्च कापा. तो 1,10,000 वर आला की 200 माणसांत हिशोब जुळतो, आणि पहिल्या वर्षी दोनशेच धरणं शहाणपणाचं. स्टॉलचं भाडं आणि जाहिराती या आकड्यात मिळवूच नका. आल्या तर त्या पुढच्या वर्षाची ठेव. जेवणाची सोय मात्र आतच करा. दुपारी लोक मिसळ खायला किंवा तांबडा-पांढरा ओरपायला बाहेर गेले की तीनच्या सत्राला निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतात.

भुताचा वाडा हा तुमच्या संमेलनातला सगळ्यात आवडता आणि सगळ्यात धोक्याचा भाग आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. 11 मे 1984 रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ‘सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर’ उद्यानातल्या ‘हाँटेड कॅसल’ला आग लागून 8 किशोरवयीन मुलं गेली. अंधारात वाट दिसावी म्हणून कुणीतरी लायटर पेटवला आणि भिंतीवरच्या फोमनं पेट घेतला, असं नंतर साक्षीत आलं. आत स्प्रिंकलर नव्हते. यातून दोन गोष्टी घ्यायच्या: भिंतीला फोम आणि थर्मोकोल नाही (सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदीही आहे), आणि काळोख इतका गडद नको की माणूस स्वतःचा उजेड काढेल. गुडघ्याखाली, दर सहा-सात फुटांवर मंद एलईडी लावा. पाय दिसतात, चेहरे दिसत नाहीत, भीती तशीच राहते.

कोल्हापूरला बाहेरून कारागीर आणायची गरज नाही. गणपतीत सजीव आणि तांत्रिक देखावे उभे करणारी तालमी-मंडळांची पोरं हे काम जन्मभर करत आलेली आहेत. हलणारी मूर्ती, योग्य क्षणी पडणारा प्रकाश, लपलेला माणूस या सगळ्याची त्यांना सवय असते. फक्त एक फरक त्यांना समजावून सांगावा लागतो. देखावा माणूस समोर उभा राहून बघतो, वाड्यातून माणूस चालत जातो, आणि घाबरलेला माणूस कुठल्या दिशेला पळेल हे आधी ठरवून ठेवावं लागतं.

नियम असा: माणसाला मागून किंवा बाजूनं घाबरवा, म्हणजे तो पुढे सरकतो. समोरून घाबरवलं की तो मागे फिरतो आणि मागच्या टोळीवर आदळतो. चेंगराचेंगरीची सुरुवात इथूनच होते. प्रत्येक धक्क्यानंतरचे दहा फूट जमीन सपाट हवी. पायरी नको, वायर नको, सतरंजीची दुमडलेली कड नको. धक्का कुठे द्यायचा हे ठरवताना एकाला डोळे मिटून तिथून धावायला सांगा. तो जिथे अडखळतो ते ठिकाण बदला.

30 बाय 20 फुटांच्या दालनात चार फूट रुंदीची वाट वळणं घेत साधारण शंभर फूट होते. चार फुटांपेक्षा अरुंद करू नका, दोन माणसांना एकमेकांना ओलांडून बाहेर पडता आलं पाहिजे. बंद टोक कुठेही नको. भिंतींसाठी बांबू आणि काळा मांजरपाट प्लायवूडपेक्षा बरा: हलका, स्वस्त, आणि अडचणीच्या वेळी माणूस कापड उचलून बाहेर येऊ शकतो. कापडाची खालची कड जमिनीपासून अर्धा फूट वर ठेवा, म्हणजे कुणी पडलं तर बाहेरून दिसतं.

कापडावर आगरोधक द्रावण मारा. 2 लिटर गरम पाण्यात 210 ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि 90 ग्रॅम बोरिक ॲसिड पूर्ण विरघळवायचं, सुती कापड त्यात भिजवून न पिळता निथळू द्यायचं, मग सुकवायचं. हे सुती कापडालाच नीट लागतं. नायलॉन-पॉलिएस्टरवर उपयोग नाही, शिवाय ते वितळून अंगाला चिकटतं. सुकल्यावर एक पट्टी कापून उघड्यावर चिमट्यात धरून काडी लावा. काडी काढल्यावर आग विझली पाहिजे. जळत पुढे गेली तर द्रावण पातळ झालंय किंवा कापडानं ते नीट शोषलेलं नाही. धुतलं की द्रावण निघून जातं, म्हणून दरवर्षी नव्यानं करायचं. हे अग्निशमन विभागाच्या तपासणीला पर्याय नाही, ही आपली पहिली काळजी.

दिवे सगळे एलईडी. हॅलोजन कापडाजवळ नकोच. दालनाचे मुख्य दिवे एकाच स्विचवर आणा आणि त्या स्विचजवळ एक माणूस पूर्ण वेळ बसवा. त्याला दुसरं कुठलंही काम नाही, फोनसुद्धा नाही. भीतीचा आवाज वाजवणारा साऊंडही त्याच्या हाताशी, कारण दिवे लागले आणि किंचाळ्या चालूच राहिल्या तर लोकांना वाटतं हाही खेळाचाच भाग आहे. दिवे लागणं आणि आवाज बंद होणं एकाच क्षणी झालं पाहिजे. दोन्ही टोकांना 6 किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक, विजेच्या स्विचबोर्डजवळ एक कार्बन डायऑक्साइडचा. धुराचं यंत्र पाण्यावर चालणाऱ्या द्रवाचंच घ्या आणि दर दहा मिनिटांनी दोन-तीन सेकंदच सोडा. त्यानं धूरशोधक वाजू शकतो, म्हणून सभागृहाच्या माणसाला आधी विचारा. शोधक परस्पर बंद करू नका. सुका बर्फ बंद खोलीत अजिबात नको. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि खाली लपून बसलेला नटच आधी गुदमरतो. लुकलुकणारा प्रकाश वापरलाच तर सेकंदाला तीनपेक्षा कमी वेळा, आणि तशी पाटी दाराबाहेर. त्याहून वेगवान प्रकाशानं काहींना फिट येऊ शकते.

सहाजणांची टोळी, दर तीन मिनिटांनी एक, म्हणजे तासाला 120. वाट पार करायला साधारण पाच मिनिटं लागतात, त्यामुळे आत एका वेळी दोन टोळ्या आणि पाच-सहा नट. तीनशे माणसांना कागदावर अडीच तास दिसतात, प्रत्यक्षात साडेतीन धरा. रांग लावू नका, पंधरा मिनिटांच्या चिठ्ठ्या द्या, एका चिठ्ठीच्या वेळेत तीस माणसं. रांगेत तासभर उभा राहिलेला माणूस चिडून आत जातो आणि चिडलेला माणूस घाबरत नाही, नटाला ढकलतो.

हाताचा नियम दोन्ही बाजूंना सारखा: नट पाहुण्याला हात लावणार नाही, पाहुणा नटाला लावणार नाही. ‘थांबा’ हा एकच शब्द ठरवा आणि तो दारावर प्रत्येक टोळीकडून एकदा मोठ्यानं म्हणवून घ्या. आतून कुणीही ‘थांबा’ म्हणालं की जवळच्या नटानं मुखवटा वर करायचा, नेहमीच्या आवाजात ‘चला, इकडून बाहेर’ म्हणायचं आणि जवळच्या फटीतून बाहेर आणायचं. हे नटांकडून चार-पाचदा सराव करून घ्या. भूमिकेत शिरलेल्या माणसाला मुखवटा वर करणं वाटतं तेवढं सोपं नसतं; त्याला वाटतं समोरचा रंगात आलाय. दाराबाहेरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा: हृदयविकार, दमा, फिट, गर्भारपण असेल तर आत जाऊ नका, 12 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आतला मार्ग अरुंद आहे, धूर आहे, आत कुणी तुम्हाला हात लावणार नाही. इतकं आधी सांगितल्यानं मजा जाते अशी तक्रार येते. उलट आहे. आपल्याला हात लागणार नाही ही खात्री असली की माणूस मोकळेपणानं घाबरतो.

बाहेर पडल्यावर लगेच जिना किंवा रस्ता नको. उजेडाची एक खोली, चार खुर्च्या, पाणी. नटांनाही वीस-पंचवीस मिनिटांनी बदला. घशातून गुरगुरत राहिलं की संध्याकाळपर्यंत आवाज बसतो, आणि रबरी मुखवट्यात घाम इतका येतो की चक्कर यायला वेळ लागत नाही.

रक्ताचं सगळे विचारतात. 800 मिली लिक्विड ग्लुकोज (केकचं सामान मिळतं तिथे), 150 मिली कोमट पाणी, 4 चमचे खायचा लाल रंग, एक चमचा कोको थोड्या पाण्यात कालवून, आणि निळ्या रंगाचे दोन-तीन थेंब. कोकोनं दाटपणा आणि अपारदर्शकपणा येतो, निळ्यानं शेंदरी झाक जाते. फक्त कपड्यांवर लावायचं असेल तर भांडी घासायच्या द्रवाचे काही थेंब घाला, डाग निघायला सोपं जातं. तोंडात घ्यायच्या रक्तात अर्थातच नाही. आपल्याकडे काकवी हाताशी असते, वाळलेल्या रक्ताचा काळपट रंगही तिला छान येतो, पण अर्ध्या तासात मुंग्या आणि माश्या लागतात, त्यामुळे फोटोपुरतीच. कुंकू-शेंदूर रंग म्हणून वापरू नका, काही शेंदरांत शिसं असतं. लेटेक्स किंवा मेकअपचा गोंद लावायच्या आधल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून चोवीस तास बघा. डोळ्यांतली रंगीत भिंगं (कॉन्टॅक्ट लेन्स) एकमेकांत फिरवणाऱ्याला वेशभूषेच्या मंचावर चढू देऊ नका, डोळ्याचा संसर्ग दृष्टीवर जाऊ शकतो.

वेशभूषेत शस्त्रांचा नियम कडक हवा. मर्दानी खेळाचं हे शहर आहे, घरोघरी खरी तलवार आहे, आणि कुणीतरी ती घेऊन येणारच. धातूचं पातं, मग ते बोथट का असेना, दारावर जमा. ईव्हीए फोम आणि पुठ्ठा चालेल. तपासलेल्या वस्तूला रंगीत प्लास्टिकची पट्टी बांधा, म्हणजे आत पुन्हा विचारावं लागत नाही. वेशभूषा करून कुणी रस्त्यावर जाणार नाही, हा नियम नोंदणीच्या अर्जावरच छापा. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना जमावानं ठार मारलं. रात्री अकरा वाजता मुखवटा आणि रक्ताळलेला सदरा घालून परक्या गल्लीत चहा शोधणाऱ्या पोराला तुमचं संमेलन ओळखपत्र देऊन वाचवू शकत नाही. कपडे बदलायची खोली द्या, कुलूपबंद सामानाची सोय द्या, म्हणजे नियम पाळणं सोपं होतं.

सिनेमाबद्दल. घरच्या ओटीटी वर्गणीवरून सभागृहात सिनेमा लावता येत नाही, ती वर्गणी घरापुरती असते. सार्वजनिक प्रदर्शनाला हक्कधारकाची लेखी परवानगी आणि सेन्सॉर प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षं टिकतो, त्यामुळे 1922 चा ‘नोस्फेरातू’ हा जर्मन भयपट हक्कातून मोकळा आहे, पण अलीकडे दुरुस्त केलेल्या प्रतीवर बसवलेल्या संगीताचे हक्क वेगळे असतात. मूकपट असल्यानं तुमचे वादक समोर बसवून वाजवा. तो कार्यक्रम नुसत्या सिनेमापेक्षा जास्त रंगतो. हलगी बंद सभागृहात कान फोडते, हार्मोनियम आणि सारंगी बरी. प्रमाणपत्राच्या बाबतीत शहरातल्या फिल्म सोसायटीला सोबत घ्या. कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवणारी कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी इथेच आहे, आणि सदस्यांपुरत्या खेळांची कागदपत्रं कशी करायची हे अशा संस्थांना माहीत असतं.

कथावाचनाला हक्कांचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं येतो. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे राहतात. भयकथाकार नारायण धारप 2008 मध्ये गेले, गूढकथाकार रत्नाकर मतकरी 2020 मध्ये. म्हणजे दोघांचंही लेखन अजून कित्येक वर्षं संरक्षित आहे. प्रकाशित साहित्यातला वाजवी उतारा जाहीर वाचायला कायदा मुभा देतो. पूर्ण कथा वाचायची, तिचं नाट्यरूप करायचं किंवा वाचन ध्वनिमुद्रित करून टाकायचं तर परवानगी लागते. स्टॉलवर मिळेनाशा झालेल्या कादंबऱ्यांच्या झेरॉक्स प्रती घेऊन कुणी बसलं तर त्याला उठवा. आपण ज्यांच्यामुळे एकत्र आलो त्यांचंच नुकसान आपल्या दालनात होऊ द्यायचं नाही.

वाचनाचा वेग मिनिटाला 110-120 शब्द ठेवा. दोन हजार शब्दांची कथा सतरा-अठरा मिनिटं चालते, अंधारात श्रोत्याचं लक्ष साधारण तेवढंच टिकतं. वाचकाच्या हनुवटीखाली बॅटरी लावायचा मोह टाळा, त्याला स्वतःलाच पान दिसत नाही आणि तो अडखळतो. स्टँडला चिमट्यानं लावायचा पिवळसर छोटा दिवा, पानावर रोखलेला, पुरे. चेहऱ्यावर पानाचा जो परतलेला उजेड पडतो तोच सगळ्यात चांगला. कथेतलं शेवटचं वाक्य झाल्यावर दिवे लगेच लावू नका, पाच सेकंद मोजा. आणि पार्श्वसंगीत नको. चांगल्या कथेत शांतताच काम करते, संगीत श्रोत्याला आधीच सांगून टाकतं की आता काहीतरी होणार.

चर्चासत्र पन्नास मिनिटांचं, मध्ये दहा मिनिटं मोकळी. व्यासपीठावर सूत्रसंचालकासह चारच माणसं. ‘मराठी भयकथा: काल आणि आज’ असे विषय घेतले की तीच ती नावं निघतात; ‘वाड्याऐवजी फ्लॅटमधली भीती कशी लिहायची’ किंवा ‘बोलीभाषेतलं भूत’ असा अरुंद विषय घ्या, लोक खरंच बोलायला लागतात.

वागणुकीचे नियम छापून प्रत्येकाच्या हातात द्या. भयरसिकांत एक जुनी खोड आहे: जो घाबरतो त्यालाच पुन्हापुन्हा घाबरवायचं, आणि बहुतेक वेळा ती मुलगी असते. वाड्याबाहेर कुणीही कुणाला मागून येऊन दचकवायचं नाही, हा पहिला नियम. विचारल्याशिवाय फोटो नाही, वेशाला हात नाही. मनगटावर पांढरी पट्टी बांधलेल्या माणसाला कुणीच घाबरवायचं नाही. या पट्ट्या नोंदणीच्या टेबलावर उघड्या ठेवा, कारण विचारू नका. तक्रार घ्यायला दोन माणसं, त्यात एक बाई असलीच पाहिजे, आणि दोघांचे फोन नंबर ओळखपट्ट्याच्या मागे. तक्रार वहीत लिहा: वेळ, जागा, काय झालं, काय केलं. आयोजकांचा मित्र निघाला म्हणून सोडून दिलं की पुढच्या वर्षी बायका येत नाहीत, आणि का आल्या नाहीत हे कुणी तुम्हाला सांगतही नाही.

स्वयंसेवक दर पंधरा माणसांमागे एक, चार तासांच्या पाळ्या, जेवण आयोजकांकडून. पंधरा-वीस जणांचा गट अपुरा पडेल, म्हणून आधीचे सहा महिने दरमहा एक जाहीर वाचन करा. 1850 पासून चालू असलेलं करवीर नगर वाचन मंदिर अशा कार्यक्रमाला साजेशी जागा आहे. तिथे जे दर वेळी येतात, खुर्च्या लावायला हात लावतात, ते तुमचे स्वयंसेवक. सांगली, मिरज, इचलकरंजी, निपाणीकडून येणाऱ्यांची संख्याही तिथेच कळते, आणि रविवारचा शेवटचा कार्यक्रम किती वाजता संपवायचा ते त्यांच्या परतीच्या बसवर ठरवा.

संपल्यावर पंधरा दिवसांत जमा-खर्च सगळ्या नोंदणी केलेल्यांना पाठवा, पावत्यांसह. शिल्लक उरली तर पुढच्या पौषाची तारीख धरून सभागृहाची अनामत त्यातूनच भरा.